अट क्रमांक सहा

जर्मन माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. यादी देतो. ती पुरी केलीत की दुसरी देतो, आणि तुम्ही दमून घरी बसलात की त्याला वाटतं, यांना मनापासून नकोच होतं.

झिंडेलफिंगेनच्या आमच्या घरात फ्रिजच्या दारावर अशी एक यादी सहा महिने लटकत होती. सार्वजनिक धोरण आणि नियोजन या विषयातल्या डॉक्टरेटच्या प्रवेशाच्या अटी, एकूण नऊ. उत्तरेकडच्या एका विद्यापीठाचा तो अभ्यासक्रम होता, खास नोकरी करणाऱ्यांसाठी. वर्षातून चार-पाचदा रेल्वेने जायचं, बाकीचं घरून. दोन हजार दहानंतरची ती वर्षं. मी चाळिशीला टेकले होते. नवरा मोटारीचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर इंजिनीअर होता आणि मी स्टुटगार्टमधल्या एका छोट्या खासगी नियोजन कचेरीत अर्धा दिवस सायकलमार्गांचे नकाशे रंगवायचे. रंगवायचे म्हणजे खरोखर रंगवायचे. आहे तो मार्ग हिरवा, होणार तो केशरी. पुण्याच्या नगररचना कार्यालयात अकरा वर्षं घालवलेली, सहायक नगररचनाकार म्हणून शे-दीडशे माणसांच्या हरकती समोर बसून ऐकलेली बाई मी, आणि इथे माझ्या हातात हिरवा-केशरी! एकदा जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने अगदी प्रेमाने विचारलं, भारतात नियोजन असतं का? मी म्हटलं, असतं रे बाबा, तुम्ही फोटो काढायला जाता तिथे नसतं एवढंच.

त्यामुळे मला ती डॉक्टरेट हवी होती. नावापुढे डॉक्टर लागेल याचं आकर्षण नव्हतं असं म्हणाले तर खोटं होईल; इथे लोक ते दारावरच्या पाटीवरसुद्धा लावतात. पण त्याहून जास्त मला हे हवं होतं की माझी ती अकरा वर्षं कुणीतरी मोजावीत. या देशात पाऊल ठेवल्यापासून ती हिशेबातच नव्हती.

पहिल्या पाच अटी मी दात-ओठ खाऊन पुऱ्या केल्या. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, म्हणून लग्नाचा दाखला लागला. तो मराठीत. शपथेवर भाषांतर करून देणारा माणूस शोधला तर तो हिंदीचा निघाला. शेवटी हॅनोव्हरला एक मराठीवाले सापडले, त्यांनी दाखल्यातल्या 'चि. सौ. कां.'चं काय करायचं म्हणून मलाच दोनदा फोन केले. भाषेची परीक्षा दिली. मार्गदर्शक म्हणून एक प्राध्यापक बाई मिळाल्या, त्यांना माझा विषय आवडला: छोट्या गावांच्या विकास आराखड्यात लोकांच्या हरकतींचं पुढे काय होतं. स्टुटगार्टमध्ये तेव्हा रेल्वे स्टेशनच्या बांधकामाविरुद्ध दर सोमवारी लोक शिट्ट्या घेऊन रस्त्यावर यायचे. आमच्या कचेरीतले म्हणायचे, आमच्याकडे लोकांना विचारून नियोजन होतं. मी म्हणायचे, मग शिट्ट्या कशाला लागतात? या मुद्द्यावर प्राध्यापक बाई खूप हसल्या आणि माझ्या बाजूने सही करून मोकळ्या झाल्या.

मग आली अट क्रमांक सहा. सरकारी नोकरीत केलेलं एक महत्त्वाचं काम जोडा. त्यात तुमचा स्वतःचा वाटा कोणता ते लिहा. त्याला ते आइगेनआन्टाइल म्हणतात. सोबत तक्ता होता: त्या कामात आणखी कोण कोण होतं, कुणी नेमकं काय केलं. आणि खाली तुमच्या त्या वेळच्या वरिष्ठांचं पत्र, की हो, हे हिनेच केलं.

मी कपाळावर हात मारला. आमच्या कार्यालयात कामावर नाव कुणाचं असतं? टिपणी खालचा लिहितो, मधला दुरुस्त करतो, वरचा सही करतो. अहवालाच्या शेवटच्या पानावर साहेबांची सही आणि जावक क्रमांक, संपलं. अकरा वर्षांत मी हजारो पानं लिहिली असतील, त्यातल्या एकावरही माझं नाव नाही. तेव्हा त्याचं काही वाटतही नव्हतं.

काम कोणतं जोडायचं याचा मात्र मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. एका तालुक्याच्या गावाचा विकास आराखडा होता. त्यात बारा मीटरचा एक प्रस्तावित रस्ता थेट कुंभारवाड्यातून ओढलेला होता. तीसेक घरं जाणार होती, भट्ट्यांसकट. सुनावणीला तिथल्या बायका आल्या, बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. हरकतींच्या अहवालाचं चौथं प्रकरण मी लिहिलं आणि त्यात रस्त्याची रेषा सरकवायची शिफारस केली. ती मंजूर झाली. घरं राहिली. आयुष्यात एवढं एकच काम, ज्याच्याकडे बोट दाखवून मी सांगू शकते की हे झालं आणि चांगलं झालं.

विद्यापीठातल्या प्रवेशाचं काम बघणाऱ्या समन्वयकाला मी फोन करून समजावलं. तो सज्जन होता, पण भिंतीसारखा.

"यात तुमचं नाव कुठे आहे?"

"आमच्याकडे नाव नसतं."

"आल्झो, मग तुम्हीच लिहिलं हे आम्हाला कसं कळणार?"

"मी सांगतेय ना!"

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. "आणि म्हणूनच पत्र लागतं. महिनाअखेरपर्यंत."

साहेब तोवर निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाले होते. शनिवारी दुपारी फोन लावला. त्यांना इतका आनंद झाला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. "अगं, किती वर्षांनी! जर्मनीत पीएच.डी.? शाब्बास! आमच्या ऑफिसचं नाव काढलंस. पत्र काय, आत्ता लिहून देतो." मी त्यांना हवा तो मजकूरसुद्धा हळूच सुचवला. ते हो हो म्हणाले.

आठ दिवसांनी मेलवर पत्र आलं. छान लेटरहेड, खाली निवृत्तीच्या हुद्द्यासकट सही. आणि मजकूर? 'माझ्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या सदर अहवालाच्या संकलनात यांनी मला मोलाचे साहाय्य केले.'

साहाय्य! संकलनात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हरकतींचं काम चाललं होतं त्या तीन महिन्यांत हा माणूस त्या गावात एकदा आला होता, तोही रेस्ट हाउसवर जेवून परत गेला होता. चौथं प्रकरण त्याने वाचलं होतं की नाही याचीच मला शंका. मी ते पत्र नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, मग आणखी मोठ्याने. नवरा म्हणाला, जाऊ दे, पत्र आहे ना, जोडून टाक. मी म्हटलं, याचं भाषांतर झालं की ते लोक मला झेरॉक्स काढणारी समजतील. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि वर मलाच साहाय्यक म्हणायचं!

पुढच्या शनिवारी मी पुन्हा फोन लावला. या वेळी स्पीकरवर, घरात एक साक्षीदार असावा म्हणून. नवरा ओट्याशी भाजी चिरत होता.

"सर, ते प्रकरण मी लिहिलंय. तुम्हाला माहितेय."

"अगं हो, लिहिलंस की. म्हणून तर मोलाचं म्हटलं."

"साहाय्य म्हटलंत सर. मी साहाय्य नाही केलं, मी ते केलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तुम्ही फक्त सही केलीत."

इतकं सरळ मी त्यांच्याशी अकरा वर्षांत बोलले नव्हते.  ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट.

"ऑफिसात कुणी एकटं काही करत नसतं, बाळ. माझ्या साहेबांनी माझी टिपणं त्यांच्या नावावर नेली, मी कधी भांडलो का? बरं, तू म्हणतेस पहिल्या ओळीपासून तुझं. मग एक सांग. त्या कुंभारवाड्यातली घरं कुणी मोजली? तू?"

मी स्पीकरचा आवाज कमी केला.

"आणि रेषा पंधरा मीटर पूर्वेला सरकवली तर एकही घर जात नाही, हे कुणी काढलं? मूळ नकाशावर पेन्सिलीने लिहिलं होतं. अक्षर तुझं नव्हतं. मी पाहिलंय तो नकाशा. अगदीच नुसती सही नव्हतो करत मी."

त्यांनी आशीर्वाद देऊन फोन ठेवला. नवऱ्याने सुरी थांबवून विचारलं, "कुणाचं अक्षर होतं?"

"ट्रेसर बाईंचं," मी म्हटलं.

"कोण ट्रेसर बाई?"

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. साहेबांच्या लकबीपासून शिपायाच्या डब्यापर्यंत ऑफिसातलं सगळं मी घरी येऊन सांगत असे. आणि या बाई त्याला माहीतच नव्हत्या.

अनुरेखक हे आमच्याकडचं अगदी खालचं तांत्रिक पद. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो हुबेहूब उतरवायचा, एवढंच काम. सगळे ट्रेसर म्हणत. या बाई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, तरी मला अहो-जाहो करायच्या आणि मॅडम म्हणायच्या. मीही त्यांना अहो बाई म्हणायचे. कुंभारवाड्याचा जुना भूमापनाचा नकाशा जमिनीवरच्या घरांशी जुळतच नव्हता. मी कुरकुर केली की आता हे कोण मोजणार, तर बाई म्हणाल्या, मी जाते. भर एप्रिलात, डोक्याला पदर गुंडाळून, टेप घेऊन एकोणीस दिवस त्या वाड्यात फिरल्या. घर न् घर, भट्टी न् भट्टी मोजली. नकाशा माझ्या टेबलावर आणून ठेवला, त्याच्या कडेला बारीक अक्षरात ते वाक्य होतं. मी वाचलं, म्हटलं, अरे, हे बरंय, आणि त्यावर बावीस पानांचं प्रकरण लिहिलं. पानं माझी होती, त्यात शंका नाही. पण ते वाक्य नसतं तर ती बावीस पानं कशाची लिहिली असती मी? बाईंना थँक्यू म्हटल्याचंही मला आठवेना.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! आठवडाभर मी साहेबांना घरभर शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या आता मलाच उद्देशून होत्या असं वाटायला लागलं. आणि गंमत म्हणजे त्यामुळे साहेबांवरचा राग काडीइतकाही कमी झाला नाही. उलट वाढला. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं, मग तेव्हा का नाही बोलले?

तक्ता अजून कोरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या एका जुन्या मैत्रिणीकडून बाईंचा नंबर मिळवला. त्या निवृत्त होऊन सातारला बहिणीच्या शेजारी राहत होत्या. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. "मॅडम! कशा आहात? थंडी फार असेल ना तिकडे?" मी थंडीबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल विचारलं, आणि मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. डॉक्टरेट, सहावी अट, तक्ता. म्हटलं, बाई, ते मोजमाप तुमचं आणि ती कल्पनाही तुमची. मी तसं लिहून देणार आहे, तुमच्या नावासकट.

"आठवतंय की," त्या म्हणाल्या. "पायांना फोड आले होते. कुंभारणी ताक द्यायच्या." मग म्हणाल्या, "माझं नाव कशाला घालता? कुणी परदेशातून फोन केला तर मला काय बोलता येणार आहे? तुमचं होऊ द्या."

"पण बाई, काम तुमचं होतं."

"मॅडम, ते तेव्हा लिहायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, अहवालाबद्दल बोलतायत. मी सुरू झाले की अहवालात कुणाचंच नाव नसतं, माझंही नव्हतं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"अहवालाचं नाही म्हणत मी. माझ्या गोपनीय अहवालाचं म्हणतेय. त्या वर्षी आरेखकाची, ट्रेसरच्या वरची, जागा निघाली होती. माझा नंबर होता. स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता आहे का, असा रकाना असतो. तुम्ही लिहिलं होतं, 'नेमून दिलेले काम करते.' तेवढंच. मी माहितीच्या अधिकारात प्रत मागवली होती. तुमचंच अक्षर."

 हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल दर मार्चअखेरीला भरायचे असत, गठ्ठ्याने. माझ्याकडे सात-आठ जणांचे यायचे. सगळ्यांच्या त्या रकान्यात मी तेच एक वाक्य लिहायचे, कारण माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने तेच लिहिलेलं असायचं. चहा निवायच्या आत गठ्ठा संपायचा.

"मग ती जागा?" मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं.

"दुसऱ्याला गेली. मी ट्रेसरच रिटायर झाले. जाऊ द्या, आता काय त्याचं."

"बाई, तुम्ही तेव्हाच येऊन मला का नाही बोललात? भांडायचं होतंत माझ्याशी!"

"तुम्ही भांडला होतात का साहेबांशी?"

मी त्यांना म्हटलं, मी आत्ता लिहून देते, सहीनिशी, की ते काम तुम्ही स्वतंत्रपणे केलं होतं. बाई म्हणाल्या, "द्या की. पण देणार कुणाला? माझं सर्व्हिस बुक कधीच बंद झालं." त्यांच्या आवाजात राग शोधून सापडेना, आणि मला तो हवा होता. चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या.

तो तक्ता मी त्याच दिवशी भरला. बाईंच्या इच्छेप्रमाणे नाव घातलं नाही, पण सगळं लिहिलं. मोजमाप अनुरेखकाचं, मूळ कल्पना अनुरेखकाची, एकोणीस दिवसांचं काम. माझा वाटा: त्या कल्पनेवरचं लेखन आणि सुनावणी. खाली जोडपत्रात हेही लिहिलं की त्या कर्मचाऱ्याचा वार्षिक गोपनीय अहवाल मीच भरला होता, काय शब्दांत भरला होता, आणि त्याचं पुढे काय झालं. साहेबांचं 'साहाय्य'वालं पत्र तसंच जोडलं. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस? हे वाचून तुला कोण घेणार?" मी म्हटलं, नको घेऊ देत. मला खरंच वाटत होतं की त्यांनी घेऊ नये. कुणीतरी मला एकदा स्पष्ट, जर्मन, लेखी 'नाही' म्हणावं.

मुलाखतीला तिघं जण होते. समोर माझी फाईल, जोडपत्राला पिवळी चिकटपट्टी लावलेली. मी मनाची तयारी करून बसले होते. मधले प्राध्यापक चष्मा काढून म्हणाले, इतक्या वर्षांत या सहाव्या अटीला इतकं प्रामाणिक उत्तर आम्हाला कुणी दिलं नव्हतं. लोक इथे स्वतःचा वाटा फुगवून आणतात. नियोजनात काम कुणाचं आणि नाव कुणाचं, हाच खरा संशोधनाचा विषय आहे, तो तुम्ही तुमच्या प्रबंधात का घेत नाही? माझ्या प्राध्यापक बाई अभिमानाने माझ्याकडे बघत होत्या. तिघांनीही माझ्याशी हात मिळवले. मी परतीच्या गाडीत बसायच्या आधीच प्रवेश मिळाल्याची मेल आली.

आनंद व्हायला हवा होता. मी अख्खा प्रवास खिडकीच्या काचेत स्वतःकडे रागाने बघत केला. फुलदा गेलं, फ्रँकफर्ट गेलं, माझं डोकं काही शांत होईना. नकाशा त्यांनी काढला, प्रकरण माझं झालं. बढती त्यांची गेली, आणि ती कशी गेली हे लिहून प्रवेश मला मिळाला. आणि हे सगळं नियमात बसत होतं, पुण्यातही आणि इथेही.

रविवारी सकाळी मी बाईंना फोन केला. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. प्रवेश मिळाला म्हणून सांगितलं आणि कशामुळे मिळाला तेही सांगितलं. पिवळी चिकटपट्टी, प्राध्यापकांचं बोलणं, सगळं.

"अरे वा, अभिनंदन मॅडम," बाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणत होत्या, आवाजावरून कळत होतं. मग हसल्या. "म्हणजे माझा दुसऱ्यांदा उपयोग झाला म्हणायचा."

मी हो म्हणाले.